दोर तुटण्याआधी

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी तो लिफ्टच्या टपावर उभा होता, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. हातात पाना, खिशात फोन. फोन वाजला तेव्हा त्याने तो खांदा आणि कान यांच्यात धरला. पलीकडे नर्स होती. "मी वॉर्डातून बोलतेय. सकाळी सातच्या राउंडला डॉक्टरांनी बघितलं तेव्हा त्या बोलत होत्या, चहा पण मागितला, पण त्यानंतर साधारण साडेआठला..." "बाई, थोडक्यात सांगा," तो म्हणाला. मग नर्सने थोडक्यात सांगितलं. दोनच शब्द. खालून त्याचा जोडीदार ओरडला, "काय रे, डुलकी लागली का वर?" वीस वर्षं दोघं एकत्र लिफ्ट दुरुस्त करत होते, त्यामुळे जोडीदाराला असं ओरडायचा हक्क होता. त्याने आधी नट आवळला. मग खाली उतरून कामाच्या वहीत लिहिलं, 'ब्रेक आवळला. चालू.' सही केली, वेळ टाकली, दहा वाजून पाच मिनिटं. आणि मग जोडीदाराला सांगितलं. साडेआठला काय झालं, चहा तिला मिळाला की नाही, शेवटी तिने कुणाला काही विचारलं का, हे सगळं नर्स सांगायला तयार होती. त्यानेच तिला गप्प केलं. नंतर तो वॉर्डात गेला तेव्हा त्या नर्सची पाळी संपली होती, आणि दुसरीला काही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला राग येत होता. दुःखाचं नंतर बघू, आधी राग. भेटायला येणाऱ्यांचा राग, कारण ते चप्पल काढता काढताच "सुटली बिचारी" म्हणायचे. कशातून सुटली? त्याच्यातून? न येणाऱ्यांचाही राग. स्वयंपाकघरातल्या डब्यांचा राग, कारण कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त तिला ठाऊक होतं आणि डब्यांवर एक चिठ्ठी चिकटवायला तिला तीस वर्षांत वेळ झाला नव्हता. बोलायला मात्र वेळ होता. साधं दूध नासलं तरी तिचं सांगणं आदल्या संध्याकाळपासून सुरू व्हायचं. दूधवाला कुठल्या बाजूने आला, पिशवी कशी ओली होती, जिन्यात कोण भेटलं. तो जेवता जेवता म्हणायचा, "नमनाला घडाभर तेल. दूध नासलं, एवढंच ना?" ती म्हणायची, "नासलं हे तर वासावरूनही कळतं. मी कसं नासलं ते सांगतेय."

सव्वीस दिवस झाले तेव्हा मेहुणीचा फोन आला. तिची धाकटी बहीण. "भाऊजी, जेवलात का? बरं, ऐका. ताईच्या खेळातल्या लोकांना कळवलंत का तुम्ही?"

"कसला खेळ?"

"असं काय करता? सात वर्षं ती तो खेळ चालवत होती. सहा माणसं आहेत. वाट बघत असतील ती."

"बघू देत की. त्यांचं काय अडलंय?"

"भाऊजी, राग कुणावर काढताय? दोन ओळी लिहा. तुम्हाला काय अवघड आहे दोन ओळी लिहिणं?"

"दोन ओळी लिहिणं मला काही अवघड नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपार होती. जेवणाच्या टेबलावर, तिच्या बाजूला, तिचा लॅपटॉप ती इस्पितळात गेल्यापासून, दीड महिना, धूळ खात पडला होता. पासवर्ड झाकणाच्या आत चिठ्ठीवर होता. म्हणजे चिठ्ठ्या चिकटवता येत होत्या तिला. खेळ काय आहे हे त्याला ढोबळ माहीत होतं. त्यात चित्रं नाहीत, बंदुका नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. ती लिहायची, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर असं असं दिसतंय. आणि थांबायची. मग प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं ते लिहायचं. सगळ्यांचं लिहून झालं की ती पुढचं लिहायची. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा. सहा जणांची तोंडं तिने कधी पाहिली नव्हती, खरी नावंही माहीत नव्हती. खेळातल्या नावांनीच ती त्यांच्याबद्दल बोलायची. आज कुऱ्हाड रुसलाय. दिवटीला परीक्षेचे पेपर तपासायचेत, म्हणून तिला दोन दिवस गुहेत झोपवून ठेवलीय. नकाशा अति शहाणा आहे, त्याला प्रत्येक भिंतीची उंची लागते. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, बाई रिकामी आहे, करते काही तरी. मग तो तिचा परीक्षक झाला, तोही नकळत. आधी वहीत लिहिलेलं ती त्याला जेवताना वाचून दाखवायची. "अहो, ऐका. ‘खाणीच्या तोंडाशी वारा येतो तो खारट आहे...’" तो घास घेता घेता म्हणायचा, "पुढे?" आणि ती तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. आधी त्याला वाटलं, चिडली. पण ती हसायची. "तुम्ही ‘पुढे’ म्हणालात ना, तिथे माझं वर्णन संपायला पाहिजे. तुमच्याहून घाईचा माणूस त्या सहांत एकही नाही. तुम्हाला पचलं तर सगळ्यांना पचतं." फार सांगितलं तर माणसं पळतात, असं तिचं म्हणणं. कमी सांगितलं तर आपण कुठे उभे आहोत ते त्यांना कळत नाही आणि ती आंधळ्यासारखी काठ्या फिरवतात. दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं एवढंच तर आहे या कामात. तो म्हणायचा, "बरं. मीठ दे."

खेळ उघडला आणि वरच तिचं शेवटचं लिहिलेलं दिसलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशीचं. मिठाच्या खाणीची गोष्ट होती. सहा जण जमिनीखाली उतरण्यासाठी एका लाकडी पाळण्यापाशी आले होते. पाळणा म्हणजे कठडा असलेली फळी, वर तारेचा दोर, दोर गुंडाळायला चाक. लिहिलेलं लांबलचक होतं. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग नुसता दोराबद्दल. तो वाचायला लागला आणि तिसऱ्या ओळीला खुर्चीत सरळ झाला. ‘दोर आठ पेडांचा आहे. पेडांच्या खाचांत तांबूस भुकटी साठलीय, विटकरीची पूड असावी तशी. दिवटीने पदराने दोर पुसला तेव्हा पदराचा धागा कशात तरी अडकला आणि ओढला गेला. चाकाजवळ दोर जरा बारीक वाटतो, पण ते उजेडामुळेही असेल.’ हे त्याने तिला सांगितलं होतं. कधी? चार वर्षांपूर्वी, पाच? एकदा जेवताना तिने विचारलं होतं, दोर खराब झाला हे कसं ओळखता, आणि त्याने, अगदी मोजून चार वाक्यांत, सांगितलं होतं. आतल्या आत झिजला की तांबडी भुकटी बाहेर येते. तुटलेली तार चिंधीला अडकते. जाडी कमी होते. असा दोर दिसला की माणूस आत बसवायचा नाही. तिने ती चार वाक्यं ठेवली होती. ठेवून, धुऊन, वाळवून इथे आणून अशी मांडली होती की कोणी नीट वाचलं तर पाळण्यात पाय ठेवणार नाही. तिने धोका सांगितला होता. ‘धोका आहे’ असं म्हटलं नव्हतं, पण सगळं सांगितलं होतं.

खाली कुऱ्हाडने लिहिलं होतं, "बाई, दोर पुरे झाला हो. दोन महिने झाले, गोष्ट मुंगीच्या पावलाने चाललीय. आधी कशी सपासप जायची! खाली चला आता." नकाशाने त्याखाली होकाराचा अंगठा टाकला होता. आणखी एकाने जांभई देणारं तोंड टाकलं होतं. दिवटीने लिहिलं होतं, "बाईंना बरं नाहीये का? पण हो, थोडं लांबतंय." आणि मग सहाच्या सहा जण पाळण्यात बसले होते. एकानेही दोराला हात लावला नव्हता. त्याच्याखाली तिचं उत्तर होतं. "चुकलं माझं. हल्ली कुठे थांबायचं ते कळत नाहीये. उद्या आटोपशीर लिहिते."

चुकलं माझं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटात गाठ घेऊन बसलेली बाई या सहा उंडग्यांची माफी मागत होती, कारण त्यांना जांभया येत होत्या. तो उठला, पाणी प्यायला, परत बसला. त्याला दोन ओळी लिहायच्या होत्या, मेहुणीने सांगितलेल्या. पण तो खेळात शिरल्याबरोबर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला असावा, कारण खाली एकेक नाव उगवायला लागलं. "बाई आल्या!" "कुठे होतात हो?" "आम्ही अजून पाळण्यातच आहोत, पाय आखडले!" हसणारी तोंडं. त्याने दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत लिहिलं, 'दोर तुटला. पाळणा खाली गेला. सगळे मेले.' आणि पाठवून दिलं. त्याच्या कामाच्या वहीत शोभलं असतं असं वाक्य. त्याला बरं वाटलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा काही तरी जोरात आपटल्यासारखं वाटलं.

पाच-सात मिनिटं गेली. मग नकाशाने लिहिलं, "ठीक. मग आमचे तीन प्रश्न."

कसले तीन प्रश्न? त्याने वर जाऊन शोधलं. खेळाच्या सुरुवातीला तिने नियम लिहिले होते, त्यातला शेवटचा असा होता: कुणाचंही पात्र मेलं, तर ते खेळातून जाण्याआधी खेळणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्याने त्यांची पुरी उत्तरं द्यायची. एका ओळीत उत्तर चालणार नाही. वर्षानुवर्षं ते माणूस सांभाळायचं आणि ‘मेलं’ एवढंच ऐकायचं, हे बरोबर नाही. असं तिने लिहिलं होतं, तिच्याच शब्दांत, जणू समोर बसून. तो पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "तुझे नियम तुझ्यापाशी." पण प्रश्न आला होता. नकाशाने विचारलं होतं, "दोर असा अचानक कसा तुटला? हा अन्याय आहे. आधी काहीच खूण नव्हती."

काहीच खूण नव्हती! त्याने बाह्या सरसावल्या. तो लिहीत सुटला. दोर अचानक तुटत नसतो, महाराज. एकोणतीस वर्षं मी दोर बघतोय. आधी आतली एक तार जाते. बाहेरून काही दिसत नाही. उरलेल्या तारा तिचं वजन उचलतात, आणि तक्रार करत नाहीत. मग दुसरी जाते. मग दोर चाकावरून जाताना एक बारीक आवाज करतो, नख काचेवर ओढल्यासारखा, पण तेव्हा माणसं बोलत असतात. मग तांबडी भुकटी येते. हाताला लागते, कपड्याला लागते, माणूस झटकून टाकतो. तुम्हाला हे सगळं सांगितलं होतं. भुकटी सांगितली, धागा अडकला ते सांगितलं, बारीक झाल्याचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, दोर पुरे. तुम्हाला खाली जायची घाई होती. जिने सांगितलं तिचं सगळं बरोबर होतं आणि ज्यांनी ऐकलं ते...

तिथे त्याचं बोट थांबलं. चार वाजायला आले होते. शेजारच्या इमारतीत कोणी तरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

इस्पितळाच्या दोन महिने आधी जेवताना ती म्हणाली होती, "अहो, परवा कपडे वाळत घालताना हात वर केला तर पाठीत, खांद्याच्या खाली, कोणी तरी आतून चिमटा घेतल्यासारखं झालं. आणि तेव्हापासून पाण्याला लोखंडाची चव येते. म्हणजे कसं, लहानपणी आम्ही खिडकीच्या गजाला जीभ लावायचो..." आणि तो म्हणाला होता, "मुद्द्यावर ये. दुखतंय का नाही?" "दुखतंय असं नाही..." "मग झालं." त्या दिवशी कामावर कोणाशी तरी वाजलं होतं, आता कोणाशी ते आठवतही नाही. तो पुढे म्हणाला होता, "आणि ते तुझं खाणीचं पुराण पण जेवताना नको. घास गिळू दे सुखाने." ती उठून आत गेली. भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने वाचून दाखवणं बंद केलं, एवढंच. त्यालाही ते बरं वाटलं होतं. जेवण लवकर आटपायचं.

पहिलं उत्तर त्याने तिथेच तोडून पाठवलं. दुसरा प्रश्न दिवटीचा होता. "खाली जाताना काय दिसलं? मला घाबरायचं नाहीये, फक्त बघायचंय." याला तो रागाने उत्तर देऊ शकला नाही, कारण त्याला ते माहीत होतं. लिफ्टच्या विहिरीत तो रोज असतो. त्याने लिहिलं की विहिरीत आपण खाली चाललोय असं वाटतच नाही, भिंत वर चाललीय असं वाटतं. मिठाची भिंत असेल तर दिव्याच्या उजेडात चमकेल. वेग वाढला की चमक तुटक राहत नाही, तिची रेघ होते. कान दडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची बाही आपल्या हाताला लागते आणि तेवढंच खरं वाटतं. इतकं लिहून तो अडला. आणखी लिहावं की थांबावं? चुकून त्याने मोठ्याने वाचलं, टेबलापलीकडच्या भिंतीला उद्देशून. सगळं वाचून संपलं. मध्ये कुणी काही म्हणालं नाही. कुठे रेघ मारायची ते कळेना. मग त्याने तिची जुनी वही शोधली, ती लॅपटॉपच्या खालीच होती. पानापानावर पेन्सिलीच्या रेघा, रेघेपुढे बारीक अक्षरात 'पुढे'. सात वर्षांचे 'पुढे'. शेवटच्या दोन महिन्यांच्या पानांवर रेघा नव्हत्या. एकही नाही. तिथे मजकूर पानाच्या काठापर्यंत गेला होता, समासात शिरला होता, उलट्या बाजूने परत आला होता. मुंगीच्या पावलाने, कुऱ्हाड म्हणाला होता. हल्ली कुठे थांबायचं ते कळत नाहीये, ती म्हणाली होती.

त्याने वही भिरकावली. ती गादीवर पडली, त्यामुळे आवाजही झाला नाही. "मग सांगायचं नाही का!" तो ओरडला. "एवढं सगळं सांगत होतीस, हे नाही सांगता आलं? उंडग्यांची माफी मागतेस आणि माझ्याशी एकदा भांडता येत नाही?" शेजारचं ठोकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दुसरं उत्तर त्याने तसंच पाठवलं, न कापता. बऱ्याच वेळाने कुऱ्हाडने लिहिलं. त्याने हसणारं तोंड टाकलं नव्हतं. "तिसरा प्रश्न माझा. तुम्ही बाई नाही आहात. बाई ‘महाराज’ म्हणत नाहीत. बाई कुठे आहेत?"

आता दोन ओळी लिहायच्या होत्या, त्याने लिहिल्याही. 'ती गेली. मी तिचा नवरा.' पाठवायला बोट नेलं आणि थांबला. एका ओळीत उत्तर चालणार नाही. या मूर्ख नियमाला धरून बसायचं त्याला काही कारण नव्हतं. पण खाली सहाही हिरवे ठिपके होते. त्याने ते पाठवलं, कारण ते तर कळायलाच हवं होतं, आणि त्याच्याखाली लिहिलं, 'पुरं उत्तर देतो.' मग कुणी तरी लिहायला लागलं आणि थांबलं, पुन्हा लागलं, पुन्हा थांबलं. शेवटी कुऱ्हाडने लिहिलं, "सावकाश लिहा, काका. आम्ही कुठे जात नाही."

सावकाश! आता सुचलं याला सावकाश. त्याला त्या माणसाचं मानगूट धरून हलवावंसं वाटलं, आणि ते मानगूट कसं असेल ते त्याला माहीत नव्हतं. त्याने शिवी टाइप केली. पुसली. मग कपडे वाळत घालण्यापासून सुरुवात केली. दोरीवर काय काय होतं ते आठवून लिहिलं, त्याचा निळा कामाचा शर्ट होता, तो ओला असला की जड होतो आणि तो वर टाकायला हात पूर्ण उचलावा लागतो. चिमटा लिहिला. गजाची चव लिहिली. मग दोघं डॉक्टरकडे गेले ते लिहिलं. बाहेरचं बाकडं, त्यावर बसलेली खोकणारी माणसं, तिने मांडीवर ठेवलेली पर्स आणि तिचा पट्टा ती बोटाला कशी गुंडाळत होती. त्याला उशीर होत होता, तो सारखा घड्याळ बघत होता, हेही लिहिलं. त्यांचा नंबर आला. ते आत गेले.

आत काय झालं ते त्याला अक्षरशः पाठ आहे. डॉक्टरने विचारलं, "काय होतंय?" ती सांगायला लागली, "त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते..." डॉक्टर लिहायचं थांबून ऐकत होता. खरंच ऐकत होता. आणि शेजारी बसलेला तो मध्येच म्हणाला, "डॉक्टर, तिचं सोडा, ती रामायण सांगेल. पोटात आग पडते, आठवडा झाला. आम्लपित्त आहे." डॉक्टरने गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरने तपासलं आणि कागद बाजूला ठेवून विचारलं, "हे पाठीतलं, चवीचं, पहिल्या वेळी का नाही सांगितलं?" तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "लक्षात नाही आलं माझ्या." खोटं. तीस वर्षांत तिने एवढं आटोपशीर कधी काही सांगितलं नव्हतं. परत येताना वाटेत तो विषय निघाला नाही, नंतरही नाही. तिने त्याला वाचवलं याचा त्याला जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही. इस्पितळात तेवीस दिवस तिच्या उशाशी बसून तो वाट बघत होता की आता म्हणेल, तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. ती म्हणायची, उद्या येताना केसांचं तेल आणा.

तो हे उत्तर लिहायला बसला त्याला आता पाच दिवस झाले. तो रोज कामावरून आला की हात धुऊन बसतो आणि लिहितो. बाकावरच्या खोकणाऱ्या माणसांबद्दल बरंच लिहून झालंय, दाराच्या रंगाबद्दलही. मेहुणीचा फोन येऊन गेला. कळवलं, एवढंच त्याने सांगितलं. सहा जण रोज येतात, वाचतात, काही म्हणत नाहीत. त्यांनी डॉक्टर काय म्हणाला ते वाचलंय, ती सांगायला लागली तेही वाचलंय. त्यानंतर तो स्वतः मध्येच काय बोलला, ते वाक्य त्याने अजून लिहिलेलं नाही.